चालण्याला वजनाच्या काट्यावर तोलू नका

पहाटे दादरचं शिवाजी पार्क, पुण्याची तळजाई, कोल्हापूरचा रंकाळा, नागपूरचा फुटाळा, कुठेही जा. चालणाऱ्यांची गर्दी असतेच. पायात चांगले बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, बरोबर नेहमीचे दोघे-तिघे सोबती. या गर्दीत थोडा वेळ काढला की एक वाक्य हमखास कानावर येतं : "रोज तासभर चालतोय, पण काटा काही हलत नाही." त्यावर सोबत्यांचे सल्लेही ठरलेले असतात. वेग वाढवा, अर्धा तास जास्त चाला, भात सोडा, सकाळी लिंबू-मध घ्या. वाक्य बोलणारा माणूस आणखी महिना-दोन महिने नेटाने येतो, मग आठवड्यातून दोनदा येतो, मग येईनासा होतो. डॉक्टरांनी विचारलं तर सांगतो, "चालून बघितलं, काही उपयोग झाला नाही."

त्याची तक्रार खरी आहे, असं माझं म्हणणं आहे. तो खोटं बोलत नाही आणि तो आळशीही नाही. नुसत्या चालण्याने बहुतेकांचं वजन फारसं उतरत नाही, आणि हे शरीराच्या नेहमीच्या वागण्याला धरूनच आहे. चूक आहे ती आपण सगळ्यांनी मिळून चालण्याकडून धरलेल्या अपेक्षेत. ही चूक साधी नाही. तिच्यापायी माणसं चालणं सोडतात, आणि चालण्याने त्यांना जे खरोखर मिळत होतं त्यालाही मुकतात.

आधी हिशेब मांडू. सत्तर किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरच्या बेताने पाऊण तास चालला, तर तेवढ्या वेळात त्याच्या साधारण १८५ कॅलरी खर्च होतात. यातल्या पन्नासेक तो खुर्चीत बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या, कारण हृदय, मेंदू, यकृत यांचं काम बसल्या जागीही चालूच असतं. म्हणजे चालण्यामुळे पडलेली भर १३०च्या आसपास. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. एकही खाडा न करता महिनाभर चाललं आणि खाण्यात कणभर फरक पडू दिला नाही, तरी हिशेब येतो अर्ध्या किलोचा. पाऊस, पाहुणे, प्रवास, सर्दी-ताप धरून महिन्याचे बावीस दिवस पकडले, तर तो पावणेचारशे ग्रॅमवर येतो.

एवढासा फरक काट्याला दिसतच नाही. शरीरातलं पाणी रोज कमी-जास्त होतं. आदल्या रात्री खारट खाल्लं, लग्नाचं जेवण झालं, पोट साफ झालं नाही, पाळीचे दिवस जवळ आले, की एक-दोन दिवसांत वजन किलोभर इकडे-तिकडे सहज होतं. त्या चढउतारात महिन्याचे चारशे ग्रॅम कुठे शोधणार? आणि माणूस तर दर आठवड्याला काट्यावर उभा राहतो. तो ज्या फळाची वाट पाहतो आहे, ते त्या मुदतीत त्या काट्यावर दिसण्याजोगंच नसतं.

हा झाला सगळं मनासारखं घडलं तरचा हिशेब. प्रत्यक्षात तसं घडत नाही, आणि त्याची पहिली जागा मैदानाच्या फाटकाबाहेरच असते. चार फेऱ्या झाल्या की मंडळी टपरीवर थांबतात. वाफाळता चहा येतो. घट्ट दुधाचा, दोन चमचे साखरेचा कपभर चहा शंभर कॅलरींच्या आसपास जातो. कढईतून पोह्यांची बशी भरली जाते, वर शेव, खोबरं, लिंबाची फोड; ही बशी अडीचशेच्या घरात. रविवार असेल तर मिसळ, आणि तिच्यात फरसाण, तर्री आणि दोन पाव, म्हणजे आकडा चारशेच्या पुढे. ज्याला हे सगळं टाळायचं असतं तो शेजारच्या गाडीवर फळांचा रस घेतो, आणि गाळलेल्या रसातूनही साखर पोटात जातेच. पाऊण तासाच्या चालण्याची भर चहा आणि अर्ध्या बशीतच संपलेली असते.

मी हे टपरीवर थांबणाऱ्यांना नावं ठेवण्यासाठी सांगत नाही. त्या दहा मिनिटांच्या गप्पांसाठी कित्येक निवृत्त माणसं रोज अंथरुणातून उठतात, आणि म्हातारपणी एकटेपण टाळणं हेही आरोग्यच आहे. माझा मुद्दा प्रमाणाचा आहे. खाणं मिनिटांत होतं आणि त्याच्या कॅलरी शेकड्यांत असतात. चालण्याला तास लागतो आणि त्याच्याही शेकड्यांतच असतात. या दोहोंची बरोबरी करायला निघालेला माणूस रोज हरतो. शिवाय "आज चाललोय, एवढं चालतं" ही मनाची सवलत टपरीपुरती राहत नाही. दुपारच्या जेवणात अर्धी पोळी जास्त जाते, संध्याकाळी मूठभर दाणे जास्त जातात, आणि हे कुणी ठरवून करत नाही.

याहून खोलवरचं कारण शरीराच्या आतच आहे. टांझानियातले हाड्झा लोक आजही शिकार करून आणि कंदमुळं, फळं, मध गोळा करून जगतात. त्यांचे पुरुष दिवसाला साधारण अकरा किलोमीटर चालतात, बायका सहाच्या आसपास. हर्मन पाँट्झर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला. त्यासाठी विशिष्ट समस्थानिकं असलेलं पाणी प्यायला देऊन लघवीचे नमुने तपासण्याची अतिशय नेमकी पद्धत वापरली. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले. शरीराच्या आकारमानाचा फरक वजा केल्यावर हाड्झांचा एकूण खर्च खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकी आणि युरोपीय माणसांएवढाच निघाला. दिवसभर रानावनात हिंडणारा माणूस आणि कार्यालयात बसणारा माणूस, दोघांची दिवसाची बेरीज सारखी.

हे कसं होतं, याचा पाँट्झरने मांडलेला अर्थ ठरावीक पगारावर चालणाऱ्या घराला चटकन समजेल. अशा घरात मुलाच्या शिकवणीची फी वाढली, की एकूण खर्च तेवढ्याने वाढत नाही. सिनेमा कमी होतो, नवे कपडे पुढे ढकलले जातात, आणि महिन्याची बेरीज जवळपास तीच राहते. शरीरही चालण्यावर खर्च वाढला की दुसऱ्या कामांवरचा खर्च काही प्रमाणात आवरतं. ही काटछाट नेमकी किती होते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि ती माणसागणिक वेगळी असते. पण ती होते, एवढं अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. यंत्राच्या पडद्यावर दिसलेली कॅलरी जशीच्या तशी दिवसाच्या हिशेबात जमा होते, हे गृहीतक त्यामुळे टिकत नाही.

अमेरिकेत टिमोथी चर्च आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात फार बोलका आहे. पाळी गेलेल्या, वजन जास्त असलेल्या, बैठं आयुष्य जगणाऱ्या चारशेहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. सहा महिने देखरेखीखाली काही गटांनी व्यायाम केला : चालण्याच्या पट्ट्यावर आणि जागच्या सायकलवर. एका गटाने आठवड्याला सुमारे ७२ मिनिटं, दुसऱ्याने १३६, तिसऱ्याने १९४. पहिल्या गटाचं वजन सरासरी १.४ किलोने उतरलं, दुसऱ्याचं २.१ किलोने. तिसऱ्याचं, म्हणजे सगळ्यांत जास्त व्यायाम करणाऱ्यांचं, फक्त १.५ किलोने. हिशेबाप्रमाणे जेवढं उतरायला हवं होतं, त्याच्या निम्म्याच्या आसपास. व्यायाम वाढवला तसं शरीराने आणि भुकेने मिळून भरपाई करून घेतली. पण याच अभ्यासात आणखी एक गोष्ट नोंदली गेली, आणि ती आपण विसरता कामा नये : तिन्ही गटांतल्या स्त्रियांच्या कमरेचा घेर कमी झाला, वजन फारसं उतरलं नव्हतं तरीही.

भरपाईची आणखी एक जागा म्हणजे दिवसाचे उरलेले तेवीस तास. सकाळी जोरात चालून आलेला माणूस नकळत दिवसभर स्वतःला सूट देतो. लिफ्ट घेतो, पाणी मुलीला आणायला सांगतो, कोपऱ्यावरच्या दुकानात स्कूटरने जातो. व्यायाम म्हणून न केलेल्या या सगळ्या हालचाली क्षुल्लक वाटतात, पण त्या तशा नाहीत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जेम्स लिव्हाइन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोळा स्वयंसेवकांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जास्तीच्या खाऊ घातल्या. कुणाच्या अंगावर अर्ध्या किलोहूनही कमी चरबी चढली, कुणाच्या चार किलोंहून जास्त. हा फरक मुख्यतः उठणं-बसणं, उभं राहणं, चुळबूळ, इकडेतिकडे फिरणं यांतून पडला होता. ज्यांचं शरीर जादा अन्न मिळाल्यावर आपोआप जास्त हलू लागलं, ते वाचले. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, म्हणजे त्यात कुणाचा गुणही नाही आणि दोषही नाही.

आपल्या देशातला याहून जुना पुरावा बंगालमधला आहे. ज्याँ मेयर या आहारशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये पश्चिम बंगालच्या तागाच्या गिरणीतल्या कामगारांचं खाणं, वजन आणि काम यांची सांगड तपासली. अंगमेहनतीची कामं करणारे कामाच्या मानाने खात होते आणि त्यांची वजनं आटोक्यात होती. मात्र अगदी बैठ्या कामाची माणसं हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होती, आणि वजनातही जास्त होती. हालचाल एका पातळीच्या खाली गेली की भुकेचा अंदाजच बिघडतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. दिवसाचे दहा तास खुर्चीत, दोन तास गाडीत आणि सकाळी पाऊण तास मैदानात, असा आजचा शहरी दिनक्रम आहे. त्यातला पाऊण तास उरलेल्या बारा तासांचं काम करू शकेल, ही अपेक्षा कुठून आली?

वेगाचाही थोडा भाग आहे, तो आवरता घेतो. तास म्हणजे तास नव्हे. फोनवर बोलत, ओळखीचा दिसला की थांबत काढलेला तास आणि दम लागेल असा अर्धा तास यांत फरक आहे. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग असला तर चालण्याचा कस लागतो. पण वेग वाढवूनही वजनाचा मूळ हिशेब फारसा बदलत नाही, कारण अडचण वेगात नाही, प्रश्नाच्या मांडणीत आहे.

मग चालायचं कशाला? इथे मला मुळातच वेगळा प्रश्न विचारायचा आहे : आपल्या लोकांचं आरोग्य मोजायला वजनाचा काटा हे साधन तरी योग्य आहे का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नावर आयुष्य खर्च केलं आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांवरच्या याज्ञिकांच्या अभ्यासातही हेच दिसलं : बाळ वजनाने इंग्लंडमधल्या बाळापेक्षा कितीतरी हलकं, पण स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने राखलेली. बाहेरून सडपातळ आणि आतून चरबी, ही आपली शरीरं आहेत. अशा शरीरात चरबी पोटाभोवती, यकृतात साठते आणि स्नायू मुळातच थोडे असतात. काटा या दोन्हींची बेरीज सांगतो. कुठे काय आहे, हे तो सांगत नाही.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये आलेले आकडे याच दिशेने जातात. १०.१ कोटी मधुमेही, १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बीएमआयने मोजलेला लठ्ठपणा २८.६ टक्के, तर पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के. म्हणजे काट्याने 'ठीक' म्हटलेली कोट्यवधी माणसं कमरेच्या फितीने ठीक नाहीत. पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांचा ८० च्या आत असावा, असं आपल्याकडचे डॉक्टर सांगतात. घरात वजनकाटा नसला तरी चालेल, शिवणाची फीत असावी.

आणि आता तो पुरावा, ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. एका गटाला नेहमीचा सल्ला, दुसऱ्याला रोज किमान अर्धा तास झपाट्याने चालणं आणि जेवणात साखर-तेल आवरून तंतुमय पदार्थ वाढवणं, तिसऱ्याला मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी, चौथ्याला दोन्ही. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. चालणाऱ्या आणि जेवण सांभाळणाऱ्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के होतं, गोळी घेणाऱ्यांइतकंच. आणि या गटाच्या सरासरी वजनात लक्षणीय घट झालेली नव्हती. काट्यावर विश्वास ठेवला असता, तर या लोकांनी पहिल्या वर्षातच "उपयोग नाही" म्हणून सोडून दिलं असतं. त्यांच्यापैकी कित्येकांना त्या तीन वर्षांतच मधुमेह झाला असता.

वजन न उतरता हे कसं झालं? चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी त्यांना एरवीएवढं इन्सुलिन लागत नाही. चालून झाल्यावरही एक-दोन दिवस ते स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत राहतात. म्हणून चालण्यात सातत्य लागतं; आठवड्याचं सगळं रविवारी उरकून चालत नाही. आपल्याकडे जेवणानंतर शतपावलीची जुनी रीत आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये टाइप-२ मधुमेहींवर असंच काहीसं तपासलं. दिवसातून कधीही एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा तीन जेवणांनंतर प्रत्येकी दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्के. वेळ तेवढाच, फक्त तो कधी काढला यात फरक.

हृदयाचं तर याहून जुनं प्रकरण आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना करून १९५३ मध्ये दाखवलं, की दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो. शंका निघाली, की ड्रायव्हर मुळातच जाड असतील. मॉरिस यांनी गणवेशाच्या पँटच्या कमरा तपासल्या. ड्रायव्हर खरोखरच जास्त रुंद होते. पण तेवढ्याने फरकाचा उलगडा झाला नाही. कंडक्टर सडपातळ असो वा स्थूल, धोका त्याला कमीच होता. पायांनी दिलेलं संरक्षण कमरेच्या मापावर अवलंबून नव्हतं.

दहा हजार पावलांचा आकडाही एकदा बाजूला ठेवायला हवा. तो कुठल्या संशोधनातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची लाट आली, आणि १९६५ मध्ये एका कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं; आकडा त्या यंत्राच्या नावातला. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे सतरा हजार अमेरिकी स्त्रियांची पावलं मोजली. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या आसपास हा फायदा स्थिरावला. गुडघे दुखत असताना केवळ घड्याळाचा आकडा भरायचा म्हणून रात्री अकराला गॅलरीत येरझाऱ्या घालणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

इथे कुणी म्हणेल, वजनाला इतकं हलकं लेखू नका. मी लेखत नाही. गुडघ्यांवरचा भार, झोपेत श्वास अडकणं, यकृतावरची चरबी, या सगळ्यांत वजन उतरवल्याने खरा आराम पडतो, आणि अनेकांना ते उतरवायलाच हवं. पण मग ते जिथे उतरतं तिथे उतरवू या, आणि ती जागा मुख्यतः स्वयंपाकघर आहे.

एक साधं उदाहरण घेऊ. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल आणि ते चार लिटरवर आणलं, तर वाचलेल्या एका लिटरच्या कॅलरी सुमारे ८,२०० होतात. म्हणजे माणशी दिवसाला ६८. पाऊण तासाच्या चालण्याने जेवढी भर पडते तिच्या निम्म्याहून जास्त, आणि तीही घरातल्या चौघांसाठी एकदम, कुणालाही पहाटे न उठवता. यासाठी करायचं काय, तर फोडणीत बाटली वाकडी न करता चमच्याने मोजून तेल घालायचं, आणि तळणाची कढई आठवड्यातून एखादा दिवस कमी चढवायची. महिनाअखेर तेलाच्या रिकाम्या पिशव्या मोजल्या की फरक कळतो.

ताटाचंही तसंच. भारतीय जेवणात ऊर्जेचा साठ टक्क्यांहून जास्त वाटा धान्यं आणि साखरेसारख्या कर्बोदकांचा असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की धान्यांतून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या आत ठेवा. म्हणजे पोळी-भाताचा ढीग थोडा उतरवून उसळ, वरण, ताक, अंडं, मासळी आणि भाज्या वाढवायच्या. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत दोनदा जेवावं की दर दोन तासांनी खावं, यावर घराघरांत वाद झडले. डॉ. जगन्नाथ दीक्षित दोनदाच जेवायला सांगतात आणि त्याच्या जोडीला ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायला. पथ्य आणि पाय अशी ती जोडी आहे. अनेकांनी त्यातलं चालणं तेवढं उचललं, कारण जिभेला आवर घालण्यापेक्षा पायांना कामाला लावणं सोपं जातं. मग अर्ध्या उपायाकडून पूर्ण फळाची अपेक्षा करून ते निराश झाले.

स्नायूंचं काय, हेही विचारायला हवं. याज्ञिकांनी दाखवलेलं आपलं शरीर स्नायूंनी आधीच गरीब, आणि चाळिशीनंतर ते आणखी झिजत जातात. चालण्याने पाय हलते राहतात, पण स्नायू भरत नाहीत. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलणं, बैठका, भिंतीला टेकून जोर, असं काहीतरी हवंच. आणि खाणं-चालणं नीट असूनही वजन वाढतच असेल, तर थायरॉइड, झोप, चालू असलेली औषधं तपासून घ्यावीत. स्टेरॉइड, इन्सुलिन, काही मानसिक आजारांवरची औषधं वजन वाढवतात. अशा वेळी रुग्णाला "आणखी चाला" सांगणं म्हणजे त्याच्या माथी नसलेला दोष मारणं आहे. २०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शनंही भारतात मिळू लागली आहेत. ज्यांना खरी गरज आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घ्यावीत, त्यात कमीपणा नाही. आणि ती घेत असतानाही चालणं सोडू नये, कारण चालण्याचं काम त्या सुईने होत नाही.

एक आक्षेप मला अनेकांनी घेतला आहे. चालण्याने वजन उतरत नाही असं लोकांना सांगितलं, तर आहेत तेही घरी बसतील. मला हे पटत नाही. माणसं सत्य कळल्याने थांबत नाहीत, खोट्या आश्वासनाने फसल्यावर थांबतात. सहा महिन्यांत दहा किलो उतरतील या भरवशावर निघालेला माणूस तिसऱ्या महिन्यात घरी बसतो. साखर आटोक्यात राहील, जिना चढताना धाप लागणार नाही, रात्री झोप लागेल, या भरवशावर निघालेल्याला काही आठवड्यांतच पदरात काहीतरी पडलेलं दिसतं, आणि तो टिकतो. वजनापुरतंही चालणं निरुपयोगी नाही. फक्त त्याची पाळी नंतर येते. अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून ते टिकवलेल्या हजारो लोकांची एक नोंदवही ठेवली आहे. त्या लोकांच्या व्यायामात सर्वांत जास्त आढळणारा प्रकार चालणं हाच आहे. खाण्याने उतरवलेलं वजन परत चढू न देण्यात चालणं मोठी मदत करतं.

यात न्यायाचाही प्रश्न आहे, आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो. चालण्याने वजन उतरतंच, अशी समजूत एकदा रुजली की ज्याचं उतरत नाही तो आपोआप कामचुकार ठरतो. बाळंतपणानंतर वजन वाढलेल्या सुनेला "जरा चालायला जात जा" असं सहज सुनावलं जातं. पहाटे डबे, मग मुलांची शाळा, मग नोकरी, मग संध्याकाळचा स्वयंपाक, यातला कोणता तास तिच्या हातात आहे, हे सुनावणारं कुणी पाहत नाही. अंधारात एकटीने मैदानावर जाणं तिला सुरक्षित वाटतं का, हेही विचारत नाही. दिवसभर दहा घरी धुणीभांडी करणारी बाई शहरातल्या कुठल्याही हौशी चालणाऱ्यापेक्षा जास्त हलते, तरीही तिचं पोट सुटलेलं असू शकतं. तिला चालण्याचा सल्ला देणं हा तिच्या कष्टांचा अपमान आहे. तिला हवं आहे स्वस्त डाळ, विश्रांती आणि वेळेवर तपासणी.

आणि चालणं जर जाड लोकांचं प्रायश्चित्त नसेल, सगळ्यांचीच रोजची गरज असेल, तर तो शहराचा प्रश्न होतो. शाळा, बाजार, स्टेशन, बँक पायी गाठता आली, तर निम्मी पावलं वेगळा वेळ न काढताच पडतील. पण पदपथावर गाड्या, उखडलेल्या फरश्या, केबलचे खड्डे आणि रस्ता ओलांडायला जीव मुठीत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा पदपथाचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. वॉर्डाच्या नगरसेवकाकडे मैदानात आणखी एक जॉगिंग ट्रॅक मागण्याआधी घरापासून बाजारापर्यंतचा सलग पदपथ मागायला हवा. त्याचा उपयोग शाळकरी पोरालाही होईल आणि काठी टेकत जाणाऱ्या आजीलाही.

डॉक्टरांना माझी एक विनंती आहे. कागदावर "चाला" लिहिताना त्याच ओळीत "वजन कमी करा" लिहू नका. दोन्ही सल्ले वेगळे लिहा, आणि दोन्हींची कसोटी वेगळी सांगा. वजनासाठी ताटाचं बोला, तेलाचं बोला, झोपेचं बोला. चालण्यासाठी तीन महिन्यांनी विचारा : तिसऱ्या मजल्यावर न थांबता जाता येतं का? उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी किती आली? रक्तदाब कसा आहे? कमरेची फीत काय म्हणते? झोप लागते का, चिडचिड कमी झाली का? यातल्या दोन प्रश्नांचीही उत्तरं सुधारली असतील, तर त्या माणसाचं चालणं कारणी लागलं आहे, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. काटा जिथल्या तिथे असला तरी सांगा. त्या क्षणी त्याला ते ऐकण्याची सर्वांत जास्त गरज असते, आणि ते खरंही असतं.